निळ्या ‘ई’ची गोष्ट: नेटस्केप विरुद्ध मायक्रोसॉफ्ट

आजचा भाग एका भांडणाबद्दल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधी ते सुरू झालं, आणि त्याचा पुढचा अंक अजूनही तुमच्या हातातल्या फोनवर चालू आहे.

ऐकता ऐकता एक करा. फोनमध्ये लिंक दाबली की कोणता ब्राउजर उघडतो ते बघा. त्यात वर काही टाइप केलं की कोणतं सर्च इंजिन उत्तर देतं, तेही बघा. आता सांगा, हे तुम्ही निवडलं होतं का? बहुतेक जण म्हणतील, ‘नाही ओ, ते आधीपासूनच होतं.’

आजची गोष्ट या ‘आधीपासूनच होतं’ची आहे. टेकच्या बातम्यांमध्ये त्याला ‘डीफॉल्ट’ म्हणतात. माझं मत आत्ताच सांगून टाकतो. सॉफ्टवेअरच्या बाजारात चांगला माल बनवणं ही अर्धीच लढाई असते. उरलेली अर्धी, गिऱ्हाइकासमोर आधी कोण जाऊन बसलंय यावर ठरते. आणि हे कोर्टाला पटेपर्यंत हरणाऱ्याचं दुकान बंद झालेलं असतं.

१९९५चा ऑगस्ट

१९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटर केंद्रात मार्क अँड्रीसन नावाचा विद्यार्थी आणि एरिक बिना हा प्रोग्रामर, या दोघांनी ‘मोझॅक’ नावाचा ब्राउजर लिहिला. मजकूर आणि चित्रं एकाच पानावर दिसायला लागली आणि वेब सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. पुढच्याच वर्षी जिम क्लार्क या उद्योजकाने अँड्रीसनला सोबत घेऊन कंपनी काढली. नाव ठेवलं मोझॅक कम्युनिकेशन्स. विद्यापीठाने नावावर हरकत घेतली, म्हणून ते बदलून ‘नेटस्केप’ केलं. म्हणजे पहिलं भांडण बारशालाच झालं!

९ ऑगस्ट १९९५ला नेटस्केपचा शेअर बाजारात आला. कंपनी जेमतेम १६ महिन्यांची, नफा शून्य. शेअरची किंमत ठरली होती २८ डॉलर, दिवसअखेर भाव होता ५८.२५ डॉलर. पुढच्या डॉट-कॉम वेडाची सुरुवात अनेक जण त्या दिवसापासून मोजतात. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आणि २४ ऑगस्टला विंडोज ९५ बाजारात आलं. एकाच महिन्यात हे तिन्ही!

ब्राउजरची भीती कशाला?

आता प्रश्न असा की विंडोज विकणाऱ्या कंपनीला एका ब्राउजरची भीती का वाटावी?

आठवड्याच्या बाजाराचं उदाहरण घ्या. जिथे गिऱ्हाईक जास्त तिथे विक्रेते जातात, आणि जिथे विक्रेते जास्त तिथे गिऱ्हाईक जातं. एकदा असा बाजार भरायला लागला की शेजारच्या गावाने कितीही चांगली जागा दिली तरी तिकडे कोणी फिरकत नाही. विंडोजचं तसंच होतं. लोक विंडोज घ्यायचे कारण प्रोग्राम त्यावरच चालायचे, आणि प्रोग्राम त्यावरच बनायचे कारण लोक तिथे होते. पण उद्या सगळे प्रोग्राम ब्राउजरमध्येच चालायला लागले तर? मग खाली विंडोज आहे की आणखी काही, याने काय फरक पडणार? अख्खा बाजारच दुसऱ्या गावाला गेला असता.

बिल गेट्सना हे कळलं होतं. मे १९९५ मध्ये त्यांनी वरिष्ठ सहकाऱ्यांना एक लांबलचक टिपण पाठवलं. इंटरनेटची लाट येतेय, आणि आता कंपनीत त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, असा त्याचा रोख होता.

मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउजर शून्यातून लिहिला नाही. स्पायग्लास नावाच्या छोट्या कंपनीकडे मोझॅकचे हक्क होते, तिच्याकडून परवाना घेतला आणि त्यावर ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ उभा केला. करारात स्पायग्लासला कमाईतला हिस्सा मिळणार होता. पण मायक्रोसॉफ्टने ब्राउजर चक्क फुकट देऊन टाकला. कमाईच नाही, मग हिस्सा कशातून देणार? वाद झाला आणि १९९७ मध्ये ८० लाख डॉलरवर मिटला.

तिकडे नेटस्केपचं पोट कंपन्यांना ब्राउजर आणि सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकून भरत होतं. समोरचा तीच वस्तू फुकट वाटतोय आणि तरी त्याला काही फरक पडत नाही, कारण त्याची कमाई विंडोजमधून येतेय. असा सामना किती दिवस चालणार?

जागेचं राजकारण

पण फुकट देणं हा गुन्हा नाही. खटल्यात खरा मुद्दा होता जागेचा.

१९९६ मध्ये कॉम्पॅक या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या काही मशीनच्या डेस्कटॉपवरून इंटरनेट एक्स्प्लोररचं चिन्ह काढलं आणि नेटस्केपचं ठेवलं. मायक्रोसॉफ्टने कळवलं, विंडोजचा परवाना रद्द करू. विंडोजशिवाय कॉम्प्युटर विकणार कोणाला? चिन्ह मुकाट्याने परत आलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएलने आज नेटस्केपशी करार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टशी. मायक्रोसॉफ्टने त्यांना विंडोजच्या आत जागा देऊ केली. बदल्यात एओएलच्या लाखो ग्राहकांचा मुख्य ब्राउजर झाला इंटरनेट एक्स्प्लोरर. १९९७ मध्ये अडचणीत असलेल्या अॅपलमध्ये मायक्रोसॉफ्टने १५ कोटी डॉलर गुंतवले. त्या समझोत्यात मॅकवरचा डीफॉल्ट ब्राउजरही इंटरनेट एक्स्प्लोररच ठरला.

एक मजेदार किस्सा सांगतो. १९९७च्या शरद ऋतूत इंटरनेट एक्स्प्लोरर ४ आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी रात्री एक भलामोठा ‘ई’ नेटस्केपच्या ऑफिससमोरच्या हिरवळीवर आणून ठेवला. नेटस्केपवाल्यांनी तो आडवा पाडला, त्यावर आपला डायनोसॉर उभा केला आणि पाटी लावली: नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. म्हणजे बाजारातला टक्का. आज तो फोटो बघताना वाईट वाटतं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, नेटस्केप एओएलला विकली जात असल्याची घोषणा झाली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नेटस्केप निव्वळ बळी होता असं मी म्हणणार नाही. त्यांचं चौथं व्हर्जन जड झालं होतं, बंद पडायचं. इंटरनेट एक्स्प्लोरर ४ त्यापेक्षा बरा होता, हे तेव्हाचे बरेच जाणकारही मान्य करायचे. पण तो बरा नसता, तरी कॉम्पॅकच्या मशीनवर तोच दिसला असता. माझी खरी तक्रार तिथे आहे.

कोर्टात

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकार आणि २० राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. सरकारचे वकील डेव्हिड बॉइज यांनी बिल गेट्सच्या साक्षीचा व्हिडिओ कोर्टात तुकड्या-तुकड्यांनी दाखवला. त्यात जगातला सर्वांत श्रीमंत माणूस साध्या शब्दांच्या अर्थावरून हुज्जत घालताना दिसतो, स्वतःचे ईमेल आठवत नाहीत म्हणतो. पुढे मायक्रोसॉफ्टने स्वतः सादर केलेल्या एका प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओत फेरफार असल्याचं बॉइज यांनी उघड केलं. विश्वासार्हता गेली ती गेलीच.

न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. पण खटला चालू असताना ते पत्रकारांशी गुपचूप बोलत होते, हे बाहेर आलं. २००१ मध्ये अपील कोर्टाने तुकड्यांचा आदेश रद्द केला, न्यायाधीशांनाही प्रकरणावरून बाजूला केलं. मात्र मायक्रोसॉफ्टने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा ठपका कायम राहिला. शेवटी तडजोड झाली आणि कंपनीवर काही वर्षं देखरेख आली.

आणि मग मराठीचं काय झालं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेत झालं, आपल्याला काय त्याचं?

इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला २००१ मध्ये. पुढचा, सातवा, आला २००६ मध्ये. मधली पाच वर्षं! दहापैकी नऊच्या वर लोक तुमचाच ब्राउजर वापरत असतील तर घाई कशाला? आपल्या सायबर कॅफेंमध्ये ‘इंटरनेट’ म्हणजे तो निळा ‘ई’च. सरकारी साइटवर खाली लिहिलेलं असायचं की ही साइट इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते. मराठी वर्तमानपत्रांच्या अनेक साइट युनिकोडऐवजी स्वतःचा वेगळा फॉन्ट वापरायच्या. तो आपोआप उतरवायची सोय या एका ब्राउजरपुरतीच असेल, तर दुसऱ्यात तीच बातमी म्हणजे रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मराठी वाचायची म्हणून ब्राउजर बदलता येत नाही, असे दिवस होते ते.

ती कोंडी फुटली कशी? नेटस्केपने मरायच्या आधी, मार्च १९९८ मध्ये, आपला कोड सगळ्यांसाठी खुला केला होता. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. २००८ मध्ये क्रोम आला, सुंदर पिचाई यांच्या देखरेखीखाली.

आता गंमत बघा. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नव्या ब्राउजरमध्ये सर्चची जागा मायक्रोसॉफ्टच्याच सर्चला मिळतेय, हे अन्याय्य आहे, अशी तक्रार कोणी केली होती? गूगलने! डीफॉल्टची ताकद त्यांना तेव्हाच नीट कळली होती. इतकी नीट, की २०२१ या एका वर्षात फोन आणि ब्राउजरमध्ये पहिली जागा मिळवायला गूगलने २६.३ अब्ज डॉलर मोजले. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी ‘फक्त आमचंच ठेवा’ अशा करारांना बंदी केली, पण जागेसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही.

आपल्याकडेही ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन कंपन्यांना गूगलचे अॅप गठ्ठ्यानेच घ्यावे लागायचे, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. कॉम्पॅकची गोष्ट आठवली ना?

मग खटल्यांचा उपयोग काय?

नेटस्केपला त्या निकालाने काहीच मिळालं नाही. न्याय आला तेव्हा घेणारा उरला नव्हता. पण म्हणून खटला वाया गेला, हे मला पटत नाही. २००१ नंतर मायक्रोसॉफ्टवर कोर्टाची नजर होती. लहान गूगलला विंडोजमधून हुसकावून लावणं तेव्हा सोपं राहिलं नव्हतं, असं मला वाटतं. खटला हरलेल्याला उठवत नाही. पुढच्याला वाट मोकळी करून देतो. आणि तो पुढचा मोठा झाला की त्याच वाटेवर स्वतःचं फाटक बसवतो. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही.

आता एआय सहायक फोनमध्ये आधीपासून बसून यायला लागलेत. मेहतांच्या आदेशात म्हणूनच गूगलच्या जेमिनीचंही नाव आहे. पुढच्या वेळी अशा भांडणाची बातमी वाचाल, तेव्हा ‘कोणाचं अॅप भारी?’ एवढंच विचारून थांबू नका. ते माझ्या फोनवर आलं कसं? त्या जागेचे पैसे कोणी कोणाला दिले? आणि मला ते काढता येतं का? हेही विचारा.

शेवटचा प्रश्न तर आत्ताच तपासता येईल. सेटिंगमध्ये जा, डीफॉल्ट अॅप्स उघडा. बदला असं मी म्हणत नाही. पण जे आहे ते तुम्ही निवडलेलं असू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.