खाडीने लिहिलेला इतिहास

आम्हां मुळशीकरांचे पाणी मोठे चमत्कारिक आहे. सूसच्या ओढ्यांत पडलेला पाऊस मुळेला मिळतो, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. परंतु याच मुळेचे वर मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी नळांवाटे सह्याद्री उतरून भिऱ्यास येते, तेथे वीज निर्माण करते आणि कुंडलिकेच्या पात्राने पश्चिम समुद्र गाठते. ज्या धरणापायी आपली गावे जाऊ नयेत म्हणून मावळ्यांनी १९२१ साली रामनवमीच्या मुहूर्तावर सत्याग्रह मांडला, त्या धरणाचे हे पाणी. ते समुद्राला भेटते कोठे, हे एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून मी ताम्हिणी उतरलो आणि कोलाड-रोह्यावरून रेवदंड्यास गेलो.

ओहोटीची वेळ होती. खाडीचे पाणी ओसरून काळाभोर चिखल उघडा पडला होता आणि त्याच्या कडेने तिवरांची हिरवी रांग उभी होती. चिखलातून बोटांएवढी असंख्य मुळे आकाशाकडे तोंड करून वर आली होती. चिखलात हवा नसते. म्हणून हे झाड आपली मुळे उलटी वर काढून श्वास घेते. त्याचे पान जिभेला लावले तर खारट लागते, कारण शोषलेले मीठ ते पानावाटे बाहेर टाकते. निवट्या चिखलावर उड्या मारीत होत्या, चिंबोऱ्या बिळांतून डोकावत होत्या. हे सारे पाहून कोणासही वाटावे की, येथे इतिहास कसला घडणार!

आणि तरीही ही जागा सामान्य नव्हे. खाडीच्या मुखाशी वसलेले चौल ग्रीक भूगोलकारांना ठाऊक होते. अरबांनी त्यास सैमूर म्हटले, आणि दहाव्या शतकात मसुदी हा प्रवासी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन येथेच उतरला. पुढे पोर्तुगीज आले.

१५०८ च्या मार्चमध्ये इजिप्तच्या सुलतानाचे आरमार दीवच्या मलिक अयाझच्या गलबतांसह या खाडीत शिरले आणि पोर्तुगीजांशी त्याची गाठ पडली. पोर्तुगीजांचा सरदार होता लॉरेन्सो, खुद्द व्हाइसरॉय आल्मेडाचा मुलगा. माघार घेताना त्याचे जहाज कशात अडकावे? मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत! जहाज हलेना, तोफांचा मारा थांबेना, आणि लॉरेन्सो तेथेच पडला. बापाने पुढच्याच वर्षी, १५०९ च्या फेब्रुवारीत, दीवच्या समुद्रात त्याचा सूड उगवला. दोन बादशाही आरमारांच्या या झुंजीत ते खुंट ठोकणाऱ्या कोळ्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

मग रेवदंड्यास पोर्तुगीजांचा कोट झाला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, पण कोट पडला नाही. समोरचा कोर्लई १५९४ मध्ये त्यांनी घेतला, आणि वसई पडल्यानंतर १७४० मध्ये हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. राज्य गेले; पण कोर्लई गावातल्या ख्रिस्ती घरांत मराठीच्या सहवासात वाढलेली एक पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलली जाते. कोटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा अर्धामुर्धा उभा आहे.

तोफांनी जे झाले नाही ते गाळाने केले. खाडी उथळ होत गेली, मुंबईच्या खोल बंदराकडे जहाजे वळली, आणि चौल मागे पडले. आम्ही शाळेत राजांच्या सनावळ्या शिकवतो. चिखलाची सनावळी कोणी शिकवीत नाही. वास्तविक या खाडीचा खरा कारभारी तोच.

तो कारभारी आजही आपले काम करतो आहे. झाडांच्या मुळांत गाळ धरून ठेवायचा, लाटांचा जोर मोडायचा, कोळंबीच्या आणि जिताड्याच्या पिलांना आसरा द्यायचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावर घाला घातला आणि वाड्यांतल्या पोफळी आडव्या केल्या. त्याच साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. तत्पूर्वी २००५ मध्येच मुंबईच्या उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली होती. म्हणजे ज्यास आपण पडीक चिखल म्हणून भराव टाकायला निघालो होतो, त्याची किंमत आपल्याला न्यायालयाने सांगावी लागली.

वाचकहो, या दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतील, त्यांवर मावळे उभे करतील. त्यांना जरूर सांगावे की, महाराष्ट्राचा एक पहारेकरी असाही आहे, ज्याच्या हाती तलवार नाही, अंगावर बिरुद नाही; पाय चिखलात रोवून तो भरती-ओहोटीत उभा आहे. आम्हां मुळशीकरांचे तर त्याच्याशी नातेच आहे. आमची गावे बुडवणारे पाणी त्याच्या पायाशी जाऊन निवते.