थर्टी फर्स्टनंतरचे दोन दिवस

मंडळी, डिसेंबर उजाडला की ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: यंदा थर्टी फर्स्टला कुठे? ट्रेकवाले आसनगावला उतरून माहुलीला जातात, बाकीचे शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या फार्महाऊसवर, नाहीतर तंबूत. पूर्वी हे ऑर्कुटवर ठरायचं, आता रील बघून ठरतं. असो. ट्रेंड बदलतात, डोंगर तेच राहतात.

याच डोंगरांत मुरबाड तालुक्यातला सिद्धगड आहे. मुरबाड, म्हसा, नारिवली आणि पुढे जंगल. १९४२ च्या शेवटी काही तरुण इथे मुक्कामाला होते, पण सुट्टी घालवायला नव्हे. त्यांचा म्होरक्या होता माथेरानचा एक वकील, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई म्हणत. जन्म १ डिसेंबर १९१२. म्हणजे वय फक्त ३०! आपल्यापैकी कितीजण तिशीत आहेत, बघा.

'चले जाव'नंतर भाई भूमिगत झाले आणि आसपासच्या गावांतल्या पोरांना घेऊन त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. डोकं बघा कसं चालवलं. घाटातल्या जलविद्युत केंद्रांची वीज मोठमोठ्या मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना जायची. महायुद्ध चालू होतं, सरकारला माल हवा होता. मग सरकारशी समोरासमोर लढायचं कशाला? मनोरेच पाडायचे! ते त्यांनी पाडलेसुद्धा. पोलीस मागे लागले आणि दस्ता सिद्धगडच्या जंगलात शिरला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि त्यांचा साथीदार हिराजी पाटील तिथेच गेले.

डोंगर आणि तरुण ही जोडी काही फक्त आपल्याकडचीच नाही. इंडोनेशियात सो होक गी नावाचा विद्यार्थी होता. सत्ताधाऱ्यांवर सडेतोड लिहायचा आणि सुट्टीत डोंगर चढायचा. १६ डिसेंबर १९६९ ला, सत्ताविसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, सेमेरू ज्वालामुखीवर विषारी वायूने तो गेला. १९८३ मध्ये त्याची डायरी छापली गेली, २००५ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला. २०१२ मध्ये दुसऱ्याच एका सिनेमात सेमेरू दिसला आणि तिथे पोरापोरींची झुंबड उडाली. गर्दी फोटोसाठीच आली असेल, पण गीचं नाव तिथल्या तरुणांना नवं नव्हतं.

आपल्याकडेही २०२० मध्ये भाई कोतवालांवर सिनेमा आला. किती जणांनी पाहिला? मला वाटतं, सेल्फी काढण्यात काहीच वाईट नाही. फक्त आपण ज्या मातीवर तंबू ठोकतो, तिथे आपल्याच वयाचं कोण, कशासाठी पडलं, एवढं तरी माहीत असावं.

सिद्धगडाच्या जंगलात त्यांचं स्मारक आहे. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे तिथे लोक जमतात. थर्टी फर्स्टसाठी मुरबाडला जाणारच असाल, तर रजा दोन दिवस वाढवून टाका ना! मॅनेजरला काय सांगायचं ते तुम्ही बघा :)