भाडेकरूची घरखरेदी : वाशीम व वऱ्हाडातील भाडेनियंत्रणाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

इ. स. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि १९०२ मध्ये निजामाने तो प्रांत दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ब्रिटिश सरकारला कायमच्या पट्ट्याने दिला. प्रांताचे स्वामित्व एकाकडे व ताबा दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था होती. राज्यकारभाराच्या इतिहासात ती सुपरिचित आहे. परंतु स्वामित्व व ताबा यांची अशीच फारकत पुढे याच प्रांतातील शहरवस्तीत, सामान्य माणसाच्या राहत्या घराच्या बाबतीत घडून आली. तिचे कारण मात्र तह नसून १९४६ नंतरचे भाडेनियंत्रणाचे कायदे हे होय.

भाड्याच्या घरात राहत असलेल्या मनुष्याने स्वतःसाठी घर विकत घेतले, तर त्याच्या भाडेकरूपणाचे काय होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. व्यवहारात याचे उत्तर सोपे वाटते : नवे घर मिळाले, जुने सोडावे. परंतु खरेदीखत नोंदवले जाणे व घराची किल्ली हाती येणे या दोन घटनांमध्ये कित्येकदा वर्षांचे अंतर पडते. त्या अंतरात तो मनुष्य एका घराचा मालक व दुसऱ्या घराचा भाडेकरू असतो. त्याला कायद्याने कोणत्या दृष्टीने पाहिले, यावरून घरासंबंधीची राज्यसंस्थेची कल्पना कशी बदलत गेली हे चांगले कळून येते.

२

या प्रश्नाच्या विचारासाठी वाशीमचे उदाहरण सोयीचे आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ हे जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ च्या फेररचनेत तो जिल्हा मोडला व वाशीम अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव झाले. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११.९७ लाख भरली. तीत शहरी वस्तीचा वाटा एकपंचमांशाहूनही कमी होता.

अशा शेतीप्रधान मुलखात भाड्याच्या घरांची मागणी मुख्यतः दोन कारणांनी निर्माण होते : कचेऱ्या आणि बाजारपेठ. कारंज्यासारख्या कापसाच्या जुन्या पेठेत व्यापारी, अडत्ये व त्यांचे कारकून यांची वस्ती होती. वाशीमच्या कचेऱ्यांत व शाळांत बदलीवर येणारा नोकरवर्ग भाड्याने राही. ज्याची शेती व वडिलोपार्जित घर खेड्यात आहे, असा नोकरदार तालुक्याच्या गावी प्रथम भाडेकरू म्हणूनच येतो. मुलांचे शिक्षण सुरू झाले व बदलीचे भय कमी झाले, की तो तेथेच घर किंवा घराची जागा पाहू लागतो. म्हणून भाड्याने राहत असताना घर घेणे ही तालुक्याच्या गावातील नेहमीची वाट होय.

३

घरभाड्यावरील नियंत्रण हे महायुद्धाचे अपत्य होय. इंग्लंडमध्ये १९१५ साली असा कायदा झाला. मुंबईत १९१८ साली त्याचे अनुकरण झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४६ चा घरे भाड्याने देण्याच्या नियमनाचा कायदा आला व त्याच्या आधारे १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश काढण्यात आला. पुढील अर्धशतक विदर्भातील नागरी घरमालक व भाडेकरू यांचे संबंध मुख्यतः या आदेशाने ठरवले.

आदेशातील तेरावे कलम येथे महत्त्वाचे आहे. नियंत्रकाची पूर्वलेखी परवानगी घेतल्याखेरीज मालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. परवानगी कोणत्या कारणास्तव द्यावयाची, याची यादी त्याच कलमात होती. तीन महिन्यांचे भाडे थकणे, मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे ही त्यांपैकी काही कारणे. यादीतील दोन कारणे प्रस्तुत प्रश्नाशी थेट संबद्ध आहेत. पहिले असे की, भाडेकरूने पर्यायी जागा मिळवली असेल, अथवा तो सतत चार महिने ते क्षेत्र सोडून गेला असून त्याला घराची वाजवी गरज उरली नसेल, तर परवानगी मिळू शके. दुसरे कारण मालकाच्या गरजेचे : मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी घराची खरीखुरी आवश्यकता असेल आणि त्या गावात तो स्वतःच्या मालकीच्या दुसऱ्या निवासी घरात राहत नसेल, तरच त्याची मागणी विचारात घ्यावयाची.

नियंत्रकाची परवानगी मिळाली म्हणजे घर मिळाले, असेही नव्हते. परवानगीनंतर मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये नोटीस द्यावी लागे आणि भाडेकरू हलला नाही तर दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा लावावा लागे. नियंत्रकाच्या निर्णयावरील अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे चाले. म्हणजे १९९८ पर्यंत वाशीमच्या पक्षकाराला त्यासाठी अकोल्याची वाट धरावी लागे. त्यापुढील रिट अर्ज नागपूरच्या खंडपीठापुढे जाई.

याच आदेशाचा आणखी एक भाग ध्यानात घेतला पाहिजे. घर रिकामे झाले की मालकाने त्याची वर्दी सरकारदरबारी द्यावयाची आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ते सरकारी नोकर, विस्थापित अशा गरजूंना देण्याचा हुकूम करावयाचा, अशी त्यात योजना होती. मालकाने स्वतःची गरज दाखवली व ती खरी ठरली, तर त्याला राहण्याची मुभा मिळे. सारांश, रिकामे घर ही काही अंशी सार्वजनिक साधनसामग्री मानली गेली होती. एका कुटुंबाला एक छप्पर पुरे, दुसरे असेल तर ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, हा त्यामागील विचार.

४

आता ही दोन कारणे एकाच व्यक्तीच्या संदर्भात शेजारी ठेवून पाहावीत. समजा, वाशीमच्या जुन्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्या एका शिक्षकाने १९६५ च्या सुमारास गावातच एक घर खरेदी केले. ते घर रिकामे असेल, तर त्याने पर्यायी जागा मिळवली असे होऊन त्याच्या जुन्या मालकाला परवानगी मागण्याचे कारण मिळते. येथे कायद्याचे म्हणणे स्पष्ट व न्याय्य दिसते.

परंतु विकत घेतलेल्या घरात आधीच भाडेकरू राहत असेल, तर चित्र पालटते. बसलेल्या भाडेकरूसकट मिळणारे घर रिकाम्या घराहून स्वस्त पडते. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या खरेदीदाराची दृष्टी अशा घराकडे वळणे स्वाभाविक होते. खरेदीखताने तो मालक झाला, पण विक्रीमुळे आतील भाडेकरूचे संरक्षण संपत नाही. केवळ मालक बदलतो. आता नव्या मालकाने नियंत्रकाकडे जाऊन स्वतःची गरज सिद्ध करावयाची. तो स्वतः भाड्याच्या घरात राहतो, स्वतःच्या मालकीच्या दुसऱ्या घरात नाही. तेव्हा आदेशातील अट तो पूर्ण करतो. त्याचे भाडेकरूपण हाच येथे त्याचा सर्वांत मोठा पुरावा ठरतो.

उलट, त्याच्या जुन्या मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्याने गावात घर घेतले त्या मनुष्याने आपले घर अडवून बसावे, हे त्याला अन्यायाचे वाटणारच. त्यावर भाडेकरूचे उत्तर असे की, घर घेतले खरे, पण पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे पर्यायी जागा अजून ‘मिळालेली’ नाही. एकाच आदेशाखाली तो एका प्रकरणात अर्जदार व दुसऱ्यात प्रतिपक्ष होऊ शके, आणि दोन्ही ठिकाणी त्याला एकच गोष्ट सांगावी लागे : मालकी म्हणजे निवास नव्हे.

येथे भाडेनियंत्रणाचा एक अंतर्विरोध उघड होतो. ज्या नियमाने त्याच्या भाड्याच्या घरातील वास्तव्याचे रक्षण केले, त्याच नियमाने त्याच्या विकत घेतलेल्या घरातील भाडेकरूचेही रक्षण केले. त्याला आपल्या संरक्षणाची किंमत दुसऱ्याच्या संरक्षणाच्या रूपाने द्यावी लागली. कायद्याने कोणावरही पक्षपात केला नाही. परंतु घरांचा तुटवडा कायम असल्याने प्रत्येकाची वाट पुढच्याच्या हलण्यावर अवलंबून राहिली.

५

खरेदीखताच्या आधीचा काळही विचारात घ्यावयास हवा. इसार देऊन सौदा पक्का करणे व उरलेली रक्कम जमवून पुढे खरेदीखत करणे ही सर्वपरिचित रीत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमानुसार नुसत्या विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. म्हणून इसारपावती हाती असलेला मनुष्य लोकांच्या दृष्टीने ‘घरवाला’ झाला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो भाडेकरूच राहतो.

भाडेकरूने आपले राहते घरच मालकाकडून विकत घेण्याचा सौदा केला, तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. खरेदीखत पूर्ण झाले की त्याच कायद्याच्या १११ व्या कलमाप्रमाणे दोन्ही हक्क एका व्यक्तीत विलीन होऊन भाडेपट्टा संपतो. पण केवळ करार झाला असता काय? सौदा झाला म्हणून भाडे थांबवणारा मनुष्य पुढे सौदा फिसकटल्यास थकबाकीदार ठरतो. विक्रीचा करार झाल्याने भाडेसंबंध आपोआप संपत नाही. तो संपवण्याचा उभयपक्षांचा हेतू करारातून दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एच. के. शर्मा विरुद्ध रामलाल या २०१९ च्या निर्णयात सांगितले. इसाराच्या कागदात भाड्याविषयी एक वाक्य लिहिणे वा न लिहिणे यावर किती अवलंबून असते, हे यावरून लक्षात येते.

६

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. तथापि भाडेनियंत्रणाच्या बाबतीत एकीकरण झाले नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा आणि विदर्भात १९४९ चा आदेश, असे तीन कायदे एकाच राज्यात नांदत राहिले. वाशीमच्या दक्षिणेस हिंगोली लागून आहे. दोन शेजारी गावांतील भाडेकरूंचे हक्क निरनिराळ्या कायद्यांनी ठरत होते.

मुंबईच्या कायद्यात प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर अधिक रेखीव शब्दांत होते. कायदा अमलात आल्यानंतर भाडेकरूने योग्य निवासस्थान बांधले असेल, त्याचा रिकामा ताबा मिळवला असेल, किंवा असे स्थान त्याला वाटून देण्यात आले असेल, तर मालकाला ताबा मागता येई. ‘योग्य’ व ‘रिकामा ताबा’ हे दोन शब्द येथे निर्णायक होत. वऱ्हाडच्या आदेशात ‘पर्यायी जागा’ असा मोघम शब्द होता. मुंबईच्या कायद्याने मालकी व ताबा यांतील भेद शब्दांतच मान्य केला. जागा कोणाच्या नावावर आहे, हाही वादाचा मुद्दा होता. दिल्लीच्या कायद्यातील अशाच तरतुदीखाली बी. आर. मेहता विरुद्ध आत्मा देवी या १९८७ च्या खटल्यात, पत्नीला नोकरीमुळे मिळालेल्या सरकारी निवासस्थानावर भाडेकरू पतीचा स्वतःचा हक्क नसल्याने ती जागा त्याने मिळवली असे म्हणता येत नाही, असा निर्णय झाला.

७

महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला व तिन्ही जुने कायदे रद्द झाले. वाशीमचा जिल्हा होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती आणि नव्या कचेऱ्यांबरोबर घरांची गरज वाढत होती. नियंत्रकाच्या परवानगीचा टप्पा संपला. दावा सरळ दिवाणी न्यायालयात जाऊ लागला. याहून लक्षणीय बदल असा की, ताबा मागण्याच्या कारणांच्या नव्या यादीत भाडेकरूने दुसरे घर मिळवल्याचे स्वतंत्र कारण ठेवलेले नाही. भाडेकरूची घरखरेदी हे आता त्याला घराबाहेर काढण्याचे कारण राहिले नाही.

तरीही जुना विचार सर्वस्वी लोपला, असे म्हणता येत नाही. मालकाने स्वतःच्या गरजेसाठी दावा केला असता न्यायालयाला दोन्ही पक्षांच्या अडचणींची तुलना करावी लागते, आणि त्या तुलनेत भाडेकरूला दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे की नाही हे पाहिले जाते. तसेच वाजवी कारणावाचून दाव्यापूर्वी सलग सहा महिने जागेचा वापर न करणे हे ताब्याचे स्वतंत्र कारण आहे. म्हणून नव्या घरी राहावयास जाऊन जुन्याला कुलूप लावून ठेवणारा भाडेकरू आजही सुरक्षित नाही. कायद्याचा प्रश्न मात्र बदलला : भाडेकरूकडे काय आहे, असे तो पूर्वी विचारीत असे, आता तो कोठे राहतो, असे विचारतो.

त्याच अधिनियमाने अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि मुदत संपताच ताबा परत मिळवण्याची जलद व्यवस्था केली. त्यामुळे अनेक नव्या भाडेकरूंचे वास्तव्य थोड्या मुदतीचे झाले. १९६५ मधील खरेदीदारापुढे दुसऱ्याला बाहेर कसे काढावे हा प्रश्न होता. आजच्या खरेदीदारापुढे कर्जाचा हप्ता व घरभाडे ही दोन्ही ओझी एकाच पगारातून किती महिने वाहावीत हा प्रश्न आहे. पूर्वी काळ लागे तो कज्ज्यात. आता तो पैशात मोजला जातो.

८

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. ‘मालक’ व ‘भाडेकरू’ हे दोन परस्परविरोधी वर्ग होत, असे गृहीत धरून भाडेनियंत्रणाविषयी बहुधा लिहिले जाते. वाशीमसारख्या लहान शहरात पाहता, हे पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या आयुष्यातील दोन टप्पे असतात, आणि काही काळ ते एकाच वेळी चालू असतात. १९४९ च्या आदेशाचा परिणाम मोजताना मालकांचे नुकसान व भाडेकरूंचा लाभ अशी दोन रकान्यांची मांडणी त्यामुळे अपुरी पडते. मधल्या स्थितीतील कुटुंब दोन्ही रकान्यांत येते. नियंत्रकांच्या व दिवाणी न्यायालयांच्या जुन्या दप्तरांतील प्रकरणे एकेकटी न वाचता, एकाच व्यक्तीची अर्जदार व प्रतिपक्ष अशी दोन्ही नाती जुळवून वाचली, तर लहान शहरातील मध्यमवर्गाने स्वतःचे छप्पर कसे मिळवले याचा इतिहास लिहिता येईल.