फायलींचे घाऊक विलोपन
संगणकावरील हजारो-लाखो फायली माउसने न निवडता कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून काम करून घेण्याच्या पडद्यावर, एकाच झटक्यात काढून टाकणे यास फायलींचे घाऊक विलोपन म्हणतात. युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स या प्रणालींत त्यासाठी ‘आरएम’ ही आज्ञा 1971 मधील पहिल्या आवृत्तीपासून चालत आली असून तिला कचरापेटी ठाऊक नाही.

उदाहरणार्थ, 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. त्यांच्या स्कॅन केलेल्या पानांच्या फायली एकाच फोल्डरात असून प्रत्येकीचे नाव तालुक्याच्या नावाने सुरू होते, असे समजू. ‘आरएम’पुढे ‘रिसोड’ लिहून त्याला चिकटून तारांकन, म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’ असे सांगणारे चिन्ह, दिले तर रिसोडच्याच फायली जातात. पण दोहोंमध्ये चुकून एक मोकळी जागा पडली की तारांकन स्वतंत्र ठरते आणि साही तालुके साफ होतात. त्यामुळे तोच नमुना आधी ‘एलएस’ या केवळ यादी दाखवणाऱ्या आज्ञेला देऊन पाहणे शहाणपणाचे असते.

तारांकनाचा अर्थ ‘आरएम’ लावत नाही. आज्ञा वाचणारे ‘शेल’ ते पसरून सगळी नावे तिच्या हाती देते. लिनक्सवर ही यादी साधारणतः 2 एमबीत बसावी लागते, त्यामुळे 20 रोमन अक्षरांची लाखभर नावे तीत मावत नाहीत, यादी फार लांब असल्याची तक्रार येते आणि एकही फाइल जात नाही. अशा वेळी ‘फाइंड’ ही आज्ञा ‘डिलीट’ या पर्यायासह वापरतात, कारण ती फोल्डर स्वतः चाळून सापडेल ती फाइल काढत जाते. तिच्या अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जात असल्याने ‘डिलीट’ शेवटीच लिहावे लागते. ते आधी आले तर अट पाहण्यापूर्वीच फायली गेलेल्या असतात.

सरकारी दप्तरात प्रचलित असलेल्या सहा गठ्ठे पद्धतीतील अखेरचा गठ्ठा नष्ट करावयाच्या कागदांचा असतो. तेथे कागद जातो आणि काय नष्ट केले याची यादी उरते. संगणकात नेमके उलटे घडते. फोल्डरातील नाव तेवढे पुसले जाते आणि मजकूर, त्याची जागा दुसऱ्या कशाने व्यापेपर्यंत, डिस्कवर बहुधा तसाच राहतो. ती जागासुद्धा फाइलचे अखेरचे नाव गेल्यावर आणि ती उघडून बसलेल्या प्रत्येक प्रोग्रामने ती सोडल्यावरच मोकळी धरली जाते, म्हणून ढीगभर फायली काढूनही डिस्क कधीकधी भरलेलीच दिसते.