गावची जोडी : भंडाऱ्याचा शंकरपट

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. विदर्भात तिला नुसते ‘पट’ म्हटले तरी पुरते. नावातला शंकर नंदीमुळे आला, असे लोक सांगतात. भंडारा जिल्ह्यात हा हिवाळ्याचा खेळ आहे. हलके धान दिवाळीच्या सुमारास निघते आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरू लागते. पुढे भारी धानाची कापणी, बांधणी, चुरणे उरकले आणि बांध्या कोरड्या पडल्या की साकोली, लाखनी, लाखांदूरकडे पटाचे दिवस सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीचा हा सारा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, त्यामुळे पटाच्या नकाशावर या दोन जिल्ह्यांची सीमा आजही कोणी फारशी मानत नाही.

पुणे जिल्ह्यात बैलगाडा घाटात एकटा पळतो, त्याची लढत घड्याळाशी असते. झाडीपट्टीतला पट वेगळा. येथे दोन समांतर धावपट्ट्यांवर दोन जोड्या एकाच वेळी सुटतात. प्रत्येक जोडीमागे अगदी हलकी दुचाकी गाडी आणि तीवर धुरकरी. आता अनेक ठिकाणी सेकंदांचा हिशेबही ठेवतात. पण पाहणाऱ्याला पुढे कोण आणि मागे कोण हे कळायला घड्याळ लागत नाही. एकाचा विजय आणि दुसऱ्याची हार त्याला एकाच नजरेत दिसते. सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो, आणि त्या सेकंदांसाठी माणसे दिवसभर उन्हात उभी असतात.

धानाच्या या प्रदेशात वेगवान बैलांचे वेड रुजावे, ही गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. चिखलणीला वेगवान बैल लागतच नाही. धानपट्ट्यातली जनावरे अंगाने लहान, चिखलात तग धरणारी. पळण्यासाठी नाव होते ते वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊ जातीचे. भोसल्यांच्या काळात फौजेच्या जलद वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली, असे मानले जाते. म्हणजे पटाचा बैल हा कामाचा कमी आणि हौसेचा जास्त. त्याला पेंड, चुनी आणि वेगळी निगा लागते, नुसत्या तणशीवर तो पळत नाही. असा बैल दाराशी बांधण्याची ऐपत पूर्वी मालगुजारांची आणि मोठ्या शेतकऱ्यांची होती. १९५१ मध्ये, भंडारा मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी गेली. हौस मात्र गेली नाही. पट भरवण्याचे काम हळूहळू गावच्या मंडळांकडे आले.

जोडी मालकाची असली तरी पटात तिच्याबरोबर गावाचे नाव पुकारले जाते, आणि तेथेच पाहणारा पक्षकार होतो. स्वतःकडे एकही बैल नसलेला शेतमजूरही ‘आपली जोडी’ म्हणतो. या पक्षपाताचे शिक्षण लवकर सुरू होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले लाकडी बैल सजवून मिरवतात आणि कोणाचा बैल सरस यावर तेव्हापासूनच हुज्जत घालतात.

अमेरिकेत बेसबॉलचा संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो आणि चाहता रोज गुणतक्ता पाहून आपला संघ कुठे आहे ते ताडतो. पटाला असा तक्ता नाही. या गावच्या पटाचा पुढच्या गावच्या पटाशी कागदोपत्री काही संबंध नसतो. प्रत्येकाचे बक्षीस वेगळे, आणि साऱ्या हंगामाचा विजेता कोणी जाहीर करत नाही. तो हिशेब पाहणाऱ्यांच्या डोक्यात असतो. कोणती जोडी कुठे कोणाला हरवून आली, कोणता बैल सुटताना बिचकतो, कोणता धुरकरी शेवटच्या टप्प्यात जोर काढतो, हे पानठेल्यावर आणि शेकोटीभोवती ठरते. म्हणूनच हा हिशेब प्रत्येक गावात वेगळा निघतो. आपली जोडी जिंकली तर ती जातिवंत. हरली तर धुरकऱ्याने घाई केली, पट्टी मऊ होती, वाटेच्या प्रवासाने बैल शिणले. बैलाला दोष सहसा कोणी देत नाही. समोरच्याच्या बैलाला काहीतरी पाजले होते, हा संशयही ठरलेला. ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे चाहते १९५५ मध्ये विश्वविजेतेपद मिळेपर्यंत दर वर्षी पुढच्या वर्षाचा वायदा करत. पटाच्या शौकिनाला तेवढी वाट पाहावी लागत नाही, त्याचा पुढचा पट आठवड्यावर असतो.

पटाभोवती बाकीचा संसारही गोळा होतो. गावात पट असला की घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, मुले-मुली पाहिल्या जातात आणि सोयरिकी जुळतात. रात्री नाटक ठरलेले. पूर्वी दंडार आणि खडीगंमत हे लोकनाट्याचे प्रकार होते, त्यांच्या शेजारी झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. वडसा येथे या रंगभूमीच्या कंपन्यांचे केंद्र आहे आणि त्यांचा हंगाम मंडई-पटांच्या तारखांवर बेतलेला असतो. दिवसा हरलेल्या गावाची माणसेही रात्री नाटकाला थांबतात.

या खेळाला खीळ बसली ती कायद्याने. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने बैलाचा समावेश, ज्यांना खेळासाठी प्रशिक्षण देता येत नाही किंवा ज्यांचे प्रदर्शन करता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींवरही बंदी आणली. प्राणिमित्रांचे आक्षेप खोटे नव्हते. शेपूट पिरगाळणे, तुतारी म्हणजे खिळा लावलेली काठी टोचणे, हे प्रकार पटात होत आणि शौकीन ते पाहून न पाहिल्यासारखे करत. आपल्या जोडीवरचे प्रेम आणि त्या जोडीच्या वेदनेकडे काणाडोळा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदत होत्या.

बंदीच्या काळात नाटके चालू राहिली, धावपट्ट्या ओस पडल्या. न पळणारा पटाचा बैल पोसणे परवडत नसल्याने अनेकांनी जोड्या विकल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते, अंतर १,००० मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, काठी-चाबूक वापरता येत नाही. नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बैलाची पटातली उमेद थोड्या वर्षांची असते. साडेसात वर्षांनी पट पुन्हा सुरू झाले तेव्हा २०१४ पूर्वी गाजलेल्या जोड्या थकल्या होत्या किंवा उरल्याच नव्हत्या. गावांची नावे तीच होती. शौकिनांना बैलांची नावे मात्र नव्याने पाठ करावी लागली.