सातदा चीवर, सातदा संसार : भिक्षुजीवन सोडून पुन्हा परतण्याचा इतिहास

१/ इ.स. ६७१ मध्ये इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू समुद्रमार्गे भारताकडे निघाला. नालंदेत सुमारे दहा वर्षे अध्ययन करून त्याने पुढे सुमात्रातील श्रीविजय येथे आपला वृत्तांत लिहिला. त्यात एक विलक्षण नोंद आहे : भर्तृहरी नावाचा थोर विद्वान सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परतला.

२/ भर्तृहरी आपल्याला परका नाही. वामन पंडितांच्या समश्लोकीमुळे त्याची शतके मराठीत शतकानुशतके वाचली गेली. तरीही ही नोंद वाचताच आपल्या ओठांवर हसू येते : वैराग्य सांगणारा हा गृहस्थ स्वतः मात्र सातदा डळमळला! नवल असे की इत्सिंग स्वतः हसत नाही. तो आदराने लिहितो.

३/ त्याने दिलेला प्रसंग असा. विहारात असताना एकदा भर्तृहरीच्या मनात वासना प्रबळ झाली. त्याने शिष्याला विहाराबाहेर रथ उभा करण्यास सांगितले. शिष्याने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की ही शील पाळणाऱ्यांची जागा आहे; माझे मन आता ताब्यात नाही, तेव्हा चारही दिशांहून आलेल्या या संघात मी घुसून राहू नये.

४/ त्यानंतर त्याने शुभ्र वस्त्रे धारण केली आणि उपासक म्हणून तो विहारात परतला, धर्मकार्य करीत राहिला. चीवर उतरवले म्हणजे धर्म सुटला असे नव्हे. केवळ स्थान बदलले.

५/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक सावधगिरी. इत्सिंग म्हणतो की भर्तृहरीला जाऊन चाळीसेक वर्षे झाली. परंतु ‘वाक्यपदीय’ या भर्तृहरीच्या व्याकरणग्रंथाचा आधार दिङ्नागाने घेतलेला आहे, आणि दिङ्नाग इत्सिंगाहून शतकाहून अधिक जुना. म्हणजे कालगणना चुकली आहे. शतककार आणि वैयाकरण एकच का, हाही वाद जुनाच.

६/ मग या कथेचे मोल काय? मोल हे की सातव्या शतकातील एक काटेकोर भिक्षू, जो विनयाचे नियम शिकण्यासाठीच भारतात आला होता, तो ही कथा निःसंकोच सांगू शकला. कारण संघाच्या कायद्यात या जाण्या-येण्याला जागा होती. तो कायदा पाहू.

७/ पाली विनयपिटकात संघ सोडण्याच्या कृतीला ‘सिक्खापच्चक्खान’ म्हणतात, म्हणजे शिक्षेचा त्याग. येथे शिक्षा म्हणजे दंड नव्हे, शिकवण. त्यासाठी ना संघाची सभा लागते, ना कुणाची अनुज्ञा. भिक्षूने आपण ही शिकवण सोडत असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगायचे, एवढेच.

८/ पण या ‘एवढ्यात’ बारकावे पुष्कळ आहेत. बोलणारा शुद्धीवर हवा. ऐकणाऱ्याला ती भाषा समजायला हवी. थट्टेत बोललेले ग्राह्य नाही. ‘सोडून द्यावे की काय’ असा नुसता विचार बोलून दाखवला, तर त्याने मनाची दुर्बलता प्रकट होते, त्याग होत नाही.

९/ हे नियम एवढे नेमके का? उत्तर वैशालीत सापडते. तेथील काही वज्जिपुत्तक भिक्षूंनी शिकवण न सोडताच, चीवर अंगावर ठेवूनच, ब्रह्मचर्य मोडले. पुढे आप्त गेले, संपत्ती गेली, आजारपण आले. तेव्हा पश्चात्तापाने ते आनंदाकडे आले आणि संघात परत घेण्याची त्यांनी विनवणी केली.

१०/ बुद्धांनी त्यांच्यासाठी नियम रद्द करण्यास नकार दिला, परंतु एक भेद स्पष्ट केला. आपली दुर्बलता न सांगता, शिकवण न सोडता ज्याने व्रत मोडले, त्याला पुन्हा उपसंपदा नाही. ज्याने आधी उघडपणे शिकवण सोडली आणि मग संसार केला, तो परत आला तर त्याला उपसंपदा द्यावी.

११/ या भेदावर थोडे थांबावे. दोघांची कृती वरवर सारखीच दिसते. फरक आहे तो आधी बोललेल्या एका वाक्याचा. दुबळेपणाने दार बंद होत नाही, लपवाछपवीने होते. अर्थात परतणाऱ्याला किंमत मोजावी लागे. ज्येष्ठता नव्या उपसंपदेपासून मोजली जाई, म्हणजे काल ज्यांचे वंदन स्वीकारले त्यांना आज वंदन करायचे.

१२/ धम्मपदाच्या अट्ठकथेत श्रावस्तीच्या चित्तहत्थाची गोष्ट येते. हरवलेला बैल शोधताना भुकेला झालेला हा माणूस विहारात जेवला आणि अन्नाच्या ओढीने भिक्षू झाला. सहा वेळा तो घरी गेला, सहा वेळा परतला. सातव्यांदा भिक्षू वैतागले : तुझे डोके आहे की धार लावायचा दगड! तरीही त्यांनी त्याला घेतले, आणि तो अर्हत झाला.

१३/ इतर भिक्षू कुजबुजले, तेव्हा बुद्धांनी त्यांना एक पूर्वजन्मकथा सांगितली : कुद्दाल जातक. वाराणसीचा एक माळी आपल्या बोथट कुदळीच्या मोहाने सहा वेळा संन्यास सोडून परतला. सातव्या खेपेस त्याने डोळे मिटून ती नदीत भिरकावली, कुठे पडली हेही दिसू नये म्हणून. तो माळी म्हणजे स्वतः बोधिसत्त्व. (पालीतला ‘कुद्दाल’ आणि आपली ‘कुदळ’ एकच.)

१४/ आता या उदारतेची दुसरी बाजू. ही मुभा भिक्षुणींना नव्हती. विनयानुसार भिक्षुणीसाठी शिक्षात्यागाची तरतूदच नाही. ती निघून गेली की ती भिक्षुणी उरत नाही. आणि अट्ठकथेच्या मते तिला पुन्हा उपसंपदा मिळत नाही. चित्तहत्थाला सात संधी, त्याच्या जागी स्त्री असती तर एकच. या इतिहासाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.

१५/ थेरवादी देशांत पुढे वेगवेगळे रिवाज रुजले. सयामचा राजपुत्र मोंगकुट १८२४ ते १८५१ अशी २७ वर्षे भिक्षू होता. मग चीवर उतरवून तो राजा झाला. राजा भूमिबोल १९५६ मध्ये १५ दिवस भिक्षू होऊन सिंहासनावर परतले. तेथे संघातून परतणे हा कलंक नाही. श्रीलंकेत मात्र चीवर सोडणाऱ्याकडे समाज नाराजीने पाहत आला आहे.

१६/ आपल्याकडचे उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ असे करीत तो सिंहलद्वीपी पोहोचला आणि १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांजवळ त्याने दीक्षा घेतली.

१७/ काही वर्षांनी त्यांनी चीवर उतरवले, कुटुंबाकडे परतले आणि कलकत्ता, पुणे, हार्वर्ड येथे पाली विद्येत आयुष्य घालवले. पुन्हा भिक्षू ते झाले नाहीत. पण मराठीत बुद्ध आणणारा हा माणूस भर्तृहरीच्या त्या शुभ्रवस्त्रधारी उपासकासारखाच विहाराच्या दारात आयुष्यभर उभा राहिला.

१८/ आणि योगायोग पाहा. ते घरी परतल्यानंतर १९०७ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती, इतिहासकार, आणि भर्तृहरीच्या सुभाषितांच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक (१९४८). भर्तृहरीच्या काव्यातील वैराग्य कोणत्या प्रतीचे आहे, यावर त्यांनी परखड निबंधही लिहिला.

१९/ आपण व्रत मोडणाऱ्याला सहज ढोंगी ठरवतो. विनयाने ढोंगाची व्याख्या निराळी केली. मार्ग सोडणारा ढोंगी नव्हे. मार्ग सुटल्यावरही वेष न सोडणारा ढोंगी. शिष्याला रथ आणायला सांगणारा भर्तृहरी त्या कसोटीवर सातही वेळा उतरतो.

२०/ धागा येथे संपवतो. पुढील धाग्यात सयामच्या मोंगकुटाने भिक्षू असताना संघात काय सुधारणा घडवल्या, ते पाहू. शंका, दुरुस्त्या अवश्य कळवा.