बंदुकीचा टेकू आणि चांद्याचे रान : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शस्त्रांच्या इतिहासात नळी, चाप, बारूद आणि गोळी यांची चर्चा विपुल झाली आहे. बंदूक ज्यावर टेकवून नेम धरला जातो, त्या टेकूकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः टेकूची निवड ही केवळ नेमबाजाच्या सोयीची बाब नसते. जमीन कशी आहे, सावज किती अंतरावर दिसते आणि नेमबाजासाठी कष्ट कोण उपसतो, या तिन्ही गोष्टी त्या निवडीतून व्यक्त होतात. पूर्वीचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या वनप्रदेशाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टेकूची गरज आणि त्याचे प्रकार

तोड्याची बंदूक जड असे. सोळाव्या शतकातील युरोपीय मस्केटचे वजन आठ किलोंच्या आसपास भरत असल्याने शिपाई दुबेळक्याची काठी जवळ बाळगीत आणि तिच्या बेळक्यात नळी ठेवून बार काढीत. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही काठी युरोपातून हळूहळू नाहीशी झाली. भारतात याच काळात आलेला फ्रेंच वैद्य बर्निये याने मोगल सैन्यातील बंदूकधाऱ्यांचे वर्णन केले आहे. ते जमिनीवर उकिडवे बसून, बंदुकीलाच जोडलेल्या लाकडी दुबेळक्यावर नळी टेकवीत आणि दाढी व डोळे भाजण्याच्या भीतीने बिचकत, असे तो नोंदवितो. तिबेटच्या पठारावरील बंदुकांनाही दस्त्याच्या पुढील भागाखाली बिजागरीने दुमडणारे दोन पाय असत. काही वेळा त्यांच्या टोकांना हरणाची शिंगे बसविलेली असत. विसाव्या शतकात ब्रेनसारख्या हलक्या मशीनगनबरोबर हाच दुपायी टेकू ‘बायपॉड’ या नावाने सैन्यात स्थिरावला आणि नंतर लांब पल्ल्याच्या रायफलींनाही लाभला.

या टेकूचे गणित साधे आहे. नळी अर्ध्या अंशाने हलली, तर 20 मीटरवर गोळी सुमारे 17 सेंटिमीटर सरकते. 200 मीटरवर तीच चूक पावणेदोन मीटरची होते. म्हणजे अंतर वाढेल तसे टेकूचे मोल वाढते. तथापि, दुपायी टेकूच्या काही अटी असतात. त्याचे पाय आखूड असल्याने नेमबाजाला पालथे पडावे लागते किंवा बसावे लागते आणि त्या उंचीवरून सावजापर्यंत दृष्टी मोकळी असावी लागते. जमीन उंचसखल असेल तर बंदूक एका बाजूस कलते. ते टाळण्यासाठी पायांची लांबी वेगवेगळी करता आली पाहिजे. खडकासारख्या कठीण पृष्ठावर बार उडताच पाय उसळतात. शिवाय टेकू थेट नळीला जोडला असल्यास नळीवर ताण पडून गोळीचा ठोका बदलतो. म्हणून तो दस्त्याला जोडणे श्रेयस्कर मानले जाते.

चांद्याच्या रानातील निवड

या अटी चांद्याच्या रानाला लावून पाहिल्या असता दुपायी टेकू येथे का रुजला नसावा, हे ध्यानी येते. येथील साग-बांबूच्या मिश्र वनात, विशेषतः पावसाळ्यानंतर, गवत आणि झुडपे माणसाच्या कमरेच्या वर जातात. पालथ्या पडलेल्या माणसाला समोरचे पाच पावलांपलीकडचे दिसत नाही. सावज दिसते तेही थोड्या अंतरावर आणि क्षणभर. मध्य प्रांतात नोकरी केलेला जेम्स फोर्सिथ हा रायफलींचा जाणकार होता. शिकारी रायफलींवरील त्याच्या ग्रंथात मोठ्या व्यासाच्या नळीचा आणि गोल गोळीचा त्याने पुरस्कार केला. लांबचा अचूक नेम साधण्यापेक्षा जवळून जबर आघात करणे या रानात महत्त्वाचे होते.

म्हणून येथे टेकू वर गेला, मचाणावर. झाडाच्या बेळक्यात दहा-पंधरा फुटांवर बल्ल्या बांधायच्या, पुढे एक आडवी फांदी ठेवायची आणि तिच्यावर नळी टेकवायची. मचाणामुळे दृष्टी गवताच्या वरून जाते आणि शिकारी सुरक्षित राहतो. मात्र गोळीचे अंतर तीस-चाळीस पावलांवर येते. अशा ठिकाणी दोन पायांच्या टेकूची गरजच उरत नाही.

टेकू कोणाचा?

मचाण मुळात शिकाऱ्याचे नव्हे, शेतकऱ्याचे आहे. धानाच्या बांधीवर किंवा ज्वारीच्या शेतात रानडुक्कर आणि रोही यांपासून पीक राखण्यासाठी रात्री जागल करण्याची ती जागा. वसाहतकाळात तेच मचाण शिकारीचे आसन बनले. ते बांधणारे, गारा म्हणून जनावर बांधणारे, माग काढणारे आणि हाका घालणारे हात स्थानिक गोंड, माडिया आणि इतर ग्रामस्थांचेच होते. शिकारीच्या वृत्तांतांत बंदुकीच्या नळीचा व्यास काटेकोर नोंदविला जातो. मचाण बांधणाऱ्याचे नाव मात्र बहुधा येत नाही. साहेबाची बंदूक स्थिर राहिली ती या अनाम श्रमांच्या टेकूवर, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

याच काळात त्या हातांतील शस्त्र कायद्याच्या कक्षेत आले. 1858 साली चांदा परिसरात बाबुराव शेडमाके यांनी सशस्त्र उठाव केला आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला त्यांना फाशी देण्यात आली. पुढे 1878 साली शस्त्र कायदा आणि वन कायदा हे दोन्ही अस्तित्वात आले. पहिल्याने बंदुकीला परवाना आवश्यक केला आणि युरोपीयांना मोठ्या प्रमाणावर सूट दिली. दुसऱ्याने राखीव वनातील शिकार नियमांच्या अधीन केली. परिणामी ज्याचे मचाण त्याची भरमार बंदूक संशयास्पद ठरली आणि परवाना घेऊन आलेल्या पाहुण्याची रायफल सन्मान्य ठरली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या परंपरेला पूर्णविराम दिला. 1995 साली ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प आकारास आला. आता तेथे टेकवली जाते ती कॅमेऱ्याची लांब नळी. हे परिवर्तन स्वागतार्हच आहे. परंतु शेताच्या मचाणावर जागल करणारा शेतकरी अजूनही तेथेच आहे. रानडुकरापासून पीक आणि वाघापासून जीव राखण्याचा त्याचा प्रश्न कोणत्याही कायद्याने पूर्णतः सोडविलेला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, बंदुकीचा टेकू निवडताना शस्त्रापेक्षा भूमीच अधिक बोलते. मोकळ्या पठारावर दुपायी टेकू उचित, तर चांद्याच्या दाट रानात मचाणाची आडवी फांदी उचित. मात्र ती फांदी कोणी बांधली, हा प्रश्नही इतिहासकाराने विचारावयास हवा. स्थानिक इतिहासाच्या संशोधनात बंदुकांच्या व शिकारीच्या नोंदींबरोबरच मचाण बांधणाऱ्यांच्या आणि हाका घालणाऱ्यांच्या मौखिक स्मृतीही संकलित झाल्या, तर वनप्रदेशाच्या इतिहासाची आजवर उपेक्षित राहिलेली बाजू उजेडात येईल. त्या स्मृती सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. हे कार्य या परिसरातील महाविद्यालयांनी त्वरेने हाती घेणे अगत्याचे आहे.